चांदोमामाचे खरेखोटे

(नभोवाणीवरील भाषण)

एका कोजागिरीस मी देवगाव रंगारी येथे मुक्कामास होतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातले हे गाव. माझी एक चुलतबहीण तेथे दिलेली आहे. मक्याची कणसे घरोघर येऊन पडली होती, कपाशीची वेचणी सुरू झाली होती, आणि दिवसभराच्या कामाने शिणलेली घरची मंडळी गच्चीवर शेगडीभोवती दूध आटवीत बसली होती. नेमकी त्याच वेळी वीज गेली. एरवी वीज गेली की माणसे चडफडतात. त्या रात्री मात्र कोणी काही बोलले नाही. साऱ्या गावावर स्वच्छ चांदणे पडले होते, आणि दिव्यांची उणीव कोणास भासण्याचे कारण नव्हते.

घरच्या आजींनी मांडीवरच्या धाकट्या नातवाला चंद्र दाखविला व चांदोमामाची गोष्ट सुरू केली. गोष्ट मध्यावर आली तोच माझी आठ वर्षांची भाची म्हणाली, "मामा, चंद्रावर हवा नाही, झाडे नाहीत, नुसते दगड आणि धूळ आहे, असे आमच्या पुस्तकात लिहिले आहे. मग आजी खोटे सांगते का?"

प्रश्न मला विचारलेला होता. पण लागला तो आजींना. "मला काय ठावं बाई? शिकलेल्या माणसाला विचार," असे म्हणून त्यांनी शेगडीतले निखारे सारखे केले, आणि गोष्ट तेथेच राहिली. मीही काही तरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. सुशिक्षित घरांतून आज हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी विचारला जातो. मुलांना खोट्या गोष्टी कशाला सांगावयाच्या, असे म्हणणारे काही पालक आहेत. गोष्टी गोड आहेत तेव्हा सांगाव्यात, खऱ्याखोट्याची चौकशी करू नये, असे म्हणणारेही आहेत. मला स्वतःला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. चंद्राच्या गोष्टी नुसत्या गोड नाहीत. त्यांच्या पोटात पुष्कळ पाहणी साठविलेली आहे. ती कशी, हे आज आपणांपुढे मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रथम त्या नात्याचाच विचार करू. चंद्राला मामा कोणी केले? पुराणाचा आधार सांगणारे म्हणतात की, समुद्रमंथनातून लक्ष्मी निघाली, तसा चंद्रही निघाला. लक्ष्मी ही सर्वांची माता, तेव्हा तिचा भाऊ तो आपला मामा. उपपत्ती सुबक आहे. परंतु मला वाटते, या नात्याचे मूळ पुराणापेक्षा घरातच अधिक सापडेल. काका घरात असतो. तो अभ्यास विचारतो, प्रसंगी कानही पिळतो. मामा दूर राहतो, कधी तरी येतो, येताना खाऊ आणतो आणि रागावत नाही. सासरी नांदणाऱ्या स्त्रीला माहेर आठवते, पण रोज भेटत नाही. मूल कडेवर घेऊन ती सायंकाळी अंगणात येते आणि आकाशातल्या ज्या एका ओळखीच्या तोंडाकडे बोट करते, तो तिचा भाऊ ठरावा यात नवल कसले? त्याला 'चांदोबा' म्हणण्यातही हीच जवळीक आहे. विठोबा, खंडोबा, म्हसोबा अशा ज्या दैवतांशी आपल्याला भांडताही येते, त्यांच्याच नावामागे आपण 'बा' लावतो.

हा मामा आणखी एक गोष्ट करतो. तो मुलाबरोबर चालतो. बैलगाडीतून, मोटारीतून वा आगगाडीतून जाताना प्रत्येक मुलाने हे पाहिलेले असते की, झाडे मागे पळतात, घरे मागे पळतात, आणि चंद्र मात्र गावाच्या वेशीपर्यंत सोबत येतो. वडील माणसे हसून म्हणतात, तो तसा भास आहे. भास खरा, पण तो का होतो? जवळची वस्तू आपण चार पावले टाकली की दुसऱ्या दिशेला दिसू लागते. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. दोन-चार कोसांच्या प्रवासाने त्याची दिशा डोळ्याला कळण्याइतकी बदलत नाही. म्हणून तो आपल्या खांद्यावरच राहिला असे वाटते. "मामा बरोबर आला," असे जे मूल म्हणते, त्याने चंद्राच्या प्रचंड अंतराचा पुरावाच पाहिलेला असतो. त्याला आकडा ठाऊक नसतो, इतकेच.

आता मुलांच्या गोष्टींतील दुसरा प्रसंग घ्या. बाळ रामाने चंद्रासाठी हट्ट धरला. खेळणी पुढे केली, खाऊ दिला, राजवाड्यातील सर्वांचे उपाय हरले. शेवटी कोणी तरी आरसा आणून त्याच्या हाती दिला, आरशात चंद्र उतरला आणि बाळ शांत झाले. ही कथा आपल्या घरोघर सांगतात. अनेकांना ती मुलाची समजूत काढण्याची युक्ती वाटते. मला तिच्यात निराळीच गंमत दिसते. जो चंद्र आपण आरशात पाहतो, तो स्वतःही एक आरसाच आहे. त्याच्याजवळ स्वतःचा उजेड नाही. सूर्याचा जो उजेड त्याच्यावर पडतो, त्याचा जेमतेम आठवा हिस्सा तो परत धाडतो, कारण त्याची भूमी काळसर दगडांची आहे. आरसा म्हणून चंद्र फार मलिन आहे, आणि तरीही त्या मलिन आरशाच्या उजेडात देवगावच्या गच्चीवर आम्हांस एकमेकांचे चेहरे ओळखू येत होते. आरशाची गोष्ट ऐकून रमलेल्या मुलाला पुढे कधी हे सांगितले, तर गोष्ट मोडत नाही. उलट ती एक पायरी वर चढते.

अमेरिकन लेखक जेम्स थर्बर यांनी १९४३ साली हाच हट्ट आपल्या एका बालकथेत घेतला. त्या कथेतील राजकन्येला चंद्र हवा आहे. राजाचे प्रधान, जादूगार, गणिती असे मोठमोठे लोक चंद्र किती दूर, किती मोठा आणि कशाचा हे सांगून हात टेकतात, आणि प्रत्येकाचे उत्तर दुसऱ्याहून वेगळे असते. शेवटी दरबारचा विदूषक राजकन्येलाच विचारतो, "चंद्र केवढा आहे?" ती म्हणते, "माझ्या अंगठ्याच्या नखाहून थोडा लहान. कारण नख समोर धरले की तो झाकतो." मग सोनाराकडून तेवढाच सोन्याचा चंद्र घडवून आणतात.

श्रोते हो, हा राजकन्येचा प्रयोग आपण आज रात्री घरी करून पाहावा. हात सरळ लांब करून करंगळीचे नख चंद्रापुढे धरा. चंद्र त्याखाली सहज झाकला जाईल. आता याच प्रयोगाची दुसरी बाजू पाहा. पौर्णिमेचा चंद्र उगवताना परातीएवढा दिसतो आणि माथ्यावर आला की वाटीएवढा होतो, असे आपण सर्वच म्हणतो. दोन्ही वेळा नख धरून पाहा. त्याच नखाने तो दोन्ही वेळा सारखाच झाकतो. चंद्र लहानमोठा झालेला नसतो. क्षितिजाजवळ असताना आपले मनच त्याला मोठा करते. ही फसगत मोठ्या माणसांचीही होते. ती उघडकीस आणावयास दुर्बीण लागत नाही. एका राजकन्येचे नख पुरते.

चंद्राच्या सर्व कथांत मोठा प्रवास जर कोणी केला असेल तर तो सशाने. आपल्या भाषेत चंद्राला शशी, शशांक, शशधर ही नावे आहेत. त्या सर्वांत 'शश' म्हणजे ससा बसलेला आहे. शशांक नावाची मुले आपल्या आळीत दोन-चार तरी असतात, पण आपल्या नावात ससा आहे हे त्यांतील किती जणांना कोणी दाखविले असेल, देव जाणे. जातककथेत बोधिसत्त्व एका जन्मी ससा होता. दारी आलेल्या याचकाला देण्यास त्याच्याजवळ गवताखेरीज काही नव्हते. म्हणून त्याने स्वतःलाच पेटत्या अग्नीत टाकले. अग्नीने त्याला जाळले नाही. याचक होता शक्र, म्हणजे इंद्र. त्याने पर्वत पिळून काढलेल्या रसाने त्या सशाचे चित्र चंद्रावर रेखाटले, की त्याचे दातृत्व सर्व जगाला सदैव दिसावे. हा ससा चीन व जपान येथील कथांतही आहे. चीनमध्ये तो चंद्रदेवीसाठी औषध कुटतो, तर जपानात त्याच मुसळाने तांदूळ कांडतो. समुद्रापलीकडे मेक्सिकोतील अॅझ्टेक लोकांतही अशी कथा होती की, चंद्र फार तेजस्वी झाला तेव्हा देवांनी त्याच्या तोंडावर ससा फेकून मारला. अॅझ्टेकांची व आपली गाठ पडण्याचा संभव नव्हता. मग दोघांनाही ससाच का दिसला? कारण चंद्रावरच्या काळ्या डागांची ठेवणच तशी आहे.

आपल्या भागाला या सशाचा आणखी एक जिव्हाळा आहे. देवगाव रंगारी ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात गोदावरीच्या काठी पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, वसलेले आहे. सातवाहन राजाच्या पदरी तेथे गुणाढ्य नावाचा पंडित होता, त्याने पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची कथा रचली, राजाने तिचा अव्हेर केला, तेव्हा त्याने रानातील पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवीत ती अग्नीत टाकली आणि अखेर एक लक्ष श्लोक तेवढे वाचले, अशी आख्यायिका आहे. ती बृहत्कथा आज मूळ स्वरूपात उपलब्ध नाही. परंतु तिच्यावरून अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला, आणि त्यात पंचतंत्रातली चंद्रसरोवराची कथा आली आहे. अवर्षणामुळे हत्तींचा कळप एका सरोवरावर येतो व काठचे ससे पायांखाली चिरडले जातात. एक चतुर ससा गजराज चतुर्दंताकडे जाऊन सांगतो, "मी चंद्राचा दूत. हे त्याचे सरोवर आहे आणि तो तुमच्यावर कोपला आहे." मग तो त्याला रात्री पाण्यापाशी नेतो. लाटांवर थरथरणारे चंद्रबिंब पाहून हत्तीला वाटते, चंद्र खरोखरीच संतापाने कापत आहे. तो नमस्कार करून निघून जातो.

या कथेत खोटे कोण बोलले? ससा बोलला. पण ऐकणाऱ्या मुलाला कथा फसवीत नाही. हत्ती का फसला, हे मुलाला ठाऊक असते. पाण्यातला चंद्र म्हणजे चंद्र नव्हे, हे ते हत्तीच्या आधी ओळखते आणि म्हणूनच हसते. गोष्ट ऐकणारे मूल हत्तीच्या बाजूला नसते. ते सशाच्या बाजूला असते. गोष्टी ऐकून मुले भाबडी होतात असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता तो ससा प्रत्यक्षात काय आहे ते सांगतो. चंद्रावर फार प्राचीन काळी मोठमोठे उल्कापात होऊन विशाल खोलगट भाग तयार झाले, आणि पुढे आतला तप्त रस वर येऊन त्यांत पसरला व थिजला. आपल्या सह्याद्रीचा व वेरूळच्या लेण्यांचा काळा पाषाण ज्या बसाल्ट जातीचा आहे, त्याच जातीचा हा थिजलेला रस होय. दुर्बिणीतून पाहणाऱ्या जुन्या ज्योतिषांना ही काळी मैदाने समुद्र वाटली, आणि त्यांनी त्यांना सागरांची नावे दिली. ती आजही चालतात. सशाचे दोन कान म्हणजे त्यांतील दोन लहान सागर, आणि डोके म्हणजे 'शांतिसागर'. पौर्णिमेला चंद्र उगवतो तेव्हा आपल्याकडे सशाचे कान वर असतात. मध्यरात्री तो आडवा होतो. आणि पहाटे मावळताना कान खाली झालेले असतात. आकाशाच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला जाताना चंद्राचे तोंड आपल्या दृष्टीने फिरते, म्हणून असे होते.

१९६९ च्या जुलैत दोन अमेरिकन चंद्रवीर ज्या मैदानात उतरले, ते हेच 'शांतिसागर', म्हणजे सशाचे डोके. आपल्या घड्याळाप्रमाणे ती २१ जुलैची रात्र होती, पावणेदोनचा सुमार. त्या वेळी चंद्र आपल्याकडे मावळून गेला होता. उतरण्यापूर्वी पृथ्वीवरील नियंत्रण कक्षाने त्या वीरांना चिनी कथेतील चंद्रदेवी व तिचा ससा यांची आठवण विनोदाने करून दिली, आणि यानातूनही तितक्याच विनोदाने उत्तर आले की आम्ही लक्ष ठेवू. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये चीनने चंद्रावर एक फिरती गाडी उतरविली. तिचे नाव ठेवले 'युतू', म्हणजे जेड रत्नाचा ससा. ज्यांनी चंद्राचे सर्व गणित केले, त्यांनी ससा टाकून दिला नाही. त्याला बरोबर नेले.

आपल्या सणांतील गोष्टींकडे वळू. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र पाहू नये, असे घरोघर सांगतात. मोदक खाऊन निघालेले गणपती उंदरावरून घसरले, चंद्र त्यांना हसला, आणि त्यांनी त्याला शाप दिला. त्या दिवशी चंद्र पाहिल्यामुळे श्रीकृष्णावरही स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आला, अशी कथा आहे. दुसऱ्याच्या देहाला हसू नये, ही त्यातली शिकवण मुलाला न सांगता कळते. आता दुसरी चतुर्थी पाहा. संकष्टीला चंद्र दिसल्याखेरीज उपवास सोडावयाचा नाही. एका चतुर्थीला पाहू नका आणि दुसरीला पाहिल्यावाचून जेवू नका! यात नुसता विरोधाभास नाही, त्यात चंद्राची सारी चाल आहे. शुद्ध चतुर्थीची कोर सूर्यामागोमाग पश्चिमेला असते व सूर्यास्तानंतर दोन-अडीच तासांत मावळते. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, आणि पुढे रोज सरासरी सुमारे पन्नास मिनिटे उशीर करतो. म्हणून संकष्टीला तो रात्री नऊच्या आगेमागे पूर्वेला येतो. भुकेलेली आई, पाने वाढून ठेवलेले घर आणि गच्चीवर पहाऱ्याला बसविलेली मुले, हे चित्र ज्याने अनुभविले आहे, त्याला चंद्र रोज उशिरा उगवतो हे शाळेत निराळे शिकवावे लागत नाही.

दक्षाच्या सत्तावीस कन्यांची कथाही अशीच. त्या सर्व चंद्राला दिल्या. तो रोहिणीपाशीच रमला. बाकीच्यांनी बापाकडे तक्रार केली. दक्षाने शाप दिला आणि चंद्राला क्षय जडला. पुढे प्रभास क्षेत्री शिवाच्या कृपेने तो अर्धा सुटला: एक पंधरवडा झिजावे, एक पंधरवडा भरावे. सौराष्ट्रातील सोमनाथाचे नाव या कथेशी जोडलेले आहे. आता कथेतून आकाशात या. त्या सत्तावीस कन्या म्हणजे सत्तावीस नक्षत्रे. चंद्र ताऱ्यांमधून फिरून पुन्हा त्याच ताऱ्याशी येण्यास सुमारे २७.३ दिवस घेतो, म्हणजे प्रत्येक नक्षत्राच्या घरी अदमासे एकेक रात्र. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत मात्र सुमारे २९.५ दिवस लागतात. कारण तेवढ्या अवधीत पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकलेली असते व चंद्राला ते अंतर भरून काढावे लागते. झिजणे हा अर्थातच रोग नव्हे; सूर्याकडची अर्धी बाजू नेहमीच उजळलेली असते, तिचा किती भाग आपल्याकडे वळला आहे एवढाच प्रश्न. पण सत्तावीस हा आकडा कोणी बसल्या जागी कल्पनेने काढला नाही. त्यासाठी पिढ्यान् पिढ्या रात्री उघड्या डोळ्यांनी काढाव्या लागल्या आहेत.

येथवर लोककथा व पुराणे झाली. आता कल्पनावाङ्मयाकडे पाहू. योहान केप्लर या जर्मन ज्योतिषाने चंद्रप्रवासाचे एक स्वप्न लिहिले; ते त्याच्या मृत्यूनंतर, १६३४ साली, छापले गेले. चंद्र आपल्याला नेहमी एकच बाजू दाखवितो. तेव्हा त्या बाजूवर उभ्या असलेल्याला पृथ्वी उगवताना वा मावळताना दिसणार नाही, ती आकाशात जवळजवळ एकाच ठिकाणी राहून फिरताना दिसेल, हे केप्लरने गोष्टीच्या आधाराने दाखविले. कल्पना केली, पण ती हिशेबाने केली. १८६५ साली फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याने तीन प्रवाशांना एका अजस्र तोफेच्या गोळ्यात बसवून अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतातून चंद्राकडे धाडले आणि पुढल्या भागात त्यांना पॅसिफिक महासागरात परत उतरविले. तोफ चुकीची होती. तशा धक्क्याने आतली माणसे जिवंत राहिली नसती. परंतु शंभरएक वर्षांनी प्रत्यक्ष चंद्रावर गेलेले तीन प्रवासी फ्लोरिडातूनच निघाले व पॅसिफिकमध्येच उतरले. अग्निबाणाचे गणित मांडणारे रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांनी व्हर्नच्या कथांचे ऋण मानले होते. गोष्टीने तोफ सुचविली, गणिताने ती बाजूस सारून अग्निबाण दिला; पण जावयाचे कोठे, हे गोष्टीने आधीच ठरवून ठेवले होते.

मराठी वाचक या प्रवासात फार मागे राहिला नाही. व्हर्नच्या याच कादंबरीचे मराठी रूपांतर १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकातून क्रमशः आले. हे मासिक कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी सुरू केले ते कोचीनला, मराठी मुलखापासून कितीतरी दूर. मलबारच्या किनाऱ्यावरून निघालेल्या मराठी मासिकाने मराठी माणसास चंद्रलोक दाखवावा, हा योग मला मोठा मनोहर वाटतो. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कथा खास मुलांसाठी सोप्या व खेळकर मराठीत आणल्या. आणि ज्या मासिकाचे नावच चंद्रावरून होते, ते 'चांदोबा' १९५२ पासून मराठीत मद्रासहून येऊ लागले. त्याच्या तेलुगू व तमिळ आवृत्त्या जुलै १९४७ पासूनच निघत होत्या. ते मासिक आता बंद पडले आहे. पण खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चाललेला विक्रम राजा ज्यांच्या डोळ्यांपुढे अजून उभा राहतो, असे पुष्कळ श्रोते आज ऐकत असतील.

दुसरा 'विक्रम' आपण २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी पाहिला. विक्रम साराभाईंचे नाव दिलेले भारताचे यान ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरले. घरोघर लोक पडद्यापुढे बसले होते. त्याच वेळी जवळजवळ अर्धा झालेला चंद्र दक्षिणेच्या आकाशात दिसण्याजोगा होता. किती जणांनी उठून गच्चीवर जाऊन त्याच्याकडे पाहिले असेल? मी पाहिले नाही, हे मला येथे कबूल केले पाहिजे. मीही पडद्याकडेच पाहत होतो.

आणि म्हणूनच मला वाटते की, खरी चिंता निराळी आहे. मुले गोष्टीवर विश्वास ठेवतील ही चिंता करण्याचे कारण नाही. आठ वर्षांचे मूल आपण होऊनच खरेखोटे विचारू लागते. माझ्या भाचीने विचारलेच. पुस्तकातले ज्ञानही थांबून राहत नाही. चंद्र सर्वस्वी कोरडा आहे असे पुष्कळ वर्षे शिकविले जात होते. २००८ साली धाडलेल्या आपल्या चांद्रयानावरील उपकरणांनी तेथे पाण्याचे अंश दाखविले व २००९ मध्ये ते जाहीर झाले. चिंता करावयाची ती ही की, शहरातल्या मुलाला चंद्र विशेष कोठे भेटतच नाही. दोन इमारतींच्या फटीत तो पाच मिनिटे येतो, आणि रस्त्यावरील दिव्यांत कोणाच्या लक्षात न येता निघून जातो. ज्याने चंद्र पाहिलाच नाही, त्याला ससाही खोटा आणि शांतिसागरही खोटाच. दोन्ही त्याच्या दृष्टीने केवळ छापलेले शब्द.

आता देवगावची राहिलेली हकीगत सांगतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मला एस्.टी. गाठावयाची होती. अंगणात आलो तो आजी आधीच उठलेल्या, सडा घालीत होत्या. पश्चिमेला चंद्र घरांच्या माथ्यांवर टेकला होता. रात्रीचा राग त्यांच्या मनात असावा असे मला वाटत होते, पण त्यांनी दारातूनच नातीला हाक मारली, "अगं, ऊठ. ससा उलटा झाला बघ." पोरगी डोळे चोळीत बाहेर आली. बराच वेळ टक लावून पाहिल्यावर ती म्हणाली, "आजी, रात्री तर कान वर होते!" आजी म्हणाल्या, "रोजच उलटा होतो. आता निजायला निघाला."

मला, श्रोते हो, कान वर असतात आणि पहाटे खाली होतात, हे त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. ते मी पुस्तकात पुढे शोधून पाहिले, आणि त्याचे कारण मघाशी आपणांस सांगितले. आजींनी ते पन्नास-साठ वर्षे अंगणात उभ्या राहून पाहिले होते. आजी खोटे सांगते का, या प्रश्नाचे उत्तर मी आता माझ्या भाचीला देऊ शकतो. आजी ससा म्हणते, पुस्तक थिजलेला पाषाण म्हणते. दोघेही एकाच डागाकडे बोट दाखवितात. बोटाच्या रोखाने तू स्वतः वर पाहा, आणि दोघांनाही प्रश्न विचारीत जा.

येत्या पौर्णिमेला आपल्या घरातील मुलांना थोडा वेळ गच्चीवर न्यावे, घरातील वडील माणसांना एखादी गोष्ट सांगण्याचा आग्रह करावा, आणि जमल्यास पहाटेही एकदा उठून पश्चिमेकडे पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.